हिवाळ्याचा किराणा: माल किती भरायचा आणि पैसा कधी मोकळा व्हायचा



दसरा झाला की मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "सर, थंडीचा माल आत्ताच भरून ठेवू का? होलसेलवाला म्हणतोय भाव वाढणार." कोणी नवीन किराणा दुकान टाकलेलं असतं, कोणी घरातून लाडू करून विकत असतं, कोणाला बचत गटाकडून पन्नास-साठ हजार मिळालेले असतात आणि ते पैसे हिवाळ्यात फिरवायचे असतात. सगळ्यांची भीती सारखीच असते. माल कमी पडला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, जास्त झाला तर पैसा अडकेल.

व्हिडिओत मी माल निवडायचा कसा ते दाखवलंय. इथे हिशोब सविस्तर लिहितोय, कारण आकडे कागदावर बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाहीत. वही-पेन घेऊन बसा.

मुद्दा एवढाच आहे: घाऊक खरेदीत किलोमागे किती रुपये वाचले यापेक्षा तुमचा पैसा किती दिवसांत परत आला हे महत्त्वाचं. हिवाळ्याच्या मालाला तर हे जास्तच लागू होतं, कारण या मालाला शेवटची तारीख असते. संक्रांत संपली की चिक्कीचा गूळ कोणी विचारत नाही.

## आधी दिवस मोजा

आपल्याकडे हिवाळ्याच्या खरेदीचे टप्पे ठरलेले आहेत. दिवाळीचा फराळ संपला की घरात लाडवाच्या सामानाची यादी होते. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. मग मार्गशीर्षातले गुरुवार. डिसेंबरची खरी थंडी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, मिसळीची भाजी, मुगाच्या डाळीची खिचडी. दुसऱ्या दिवशी संक्रांत, आणि तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू.

आता यातली गंमत बघा. दिवाळी, चंपाषष्ठी, रथसप्तमी या तिथीवर चालतात. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती १४-१५ जानेवारीच्या पुढे-मागे हलत नाही. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा सरकले. याचा दुकानावर काय परिणाम होतो?

- २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. तिथून संक्रांतीपर्यंत ८५ दिवस मिळाले.
- २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिथून संक्रांतीपर्यंत ६७-६८ दिवसच मिळतात.
- चंपाषष्ठी गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होती, यंदा ती डिसेंबरच्या मध्यावर येते.
- गेल्या वेळी संक्रांतीनंतर ११ दिवसांत, २५ जानेवारीला, रथसप्तमी आली होती. यंदा ती फेब्रुवारीच्या मध्याकडे जाते. म्हणजे हळदीकुंकवाला जवळजवळ चार आठवडे.

थोडक्यात, लाडवाच्या सामानाचे दिवस अडीच आठवड्यांनी घटले आणि तिळगुळाचे दिवस वाढले. जो दुकानदार गेल्या वर्षीची वही उघडून "मागच्या वेळी खोबरं एवढं गेलं होतं" म्हणून तेवढंच मागवेल, त्याच्याकडे खोबरं उरणार. आणि हळदीकुंकवाच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडे तीळ नसणार. वही बघायचीच, पण शेजारी पंचांग किंवा भिंतीवरचं कॅलेंडर ठेवून बघायची.

## मग घरात काय शिजतं ते बघा

मालाची यादी होलसेलवाल्याच्या फळीवरून करायची नाही, गिऱ्हाइकाच्या चुलीवरून करायची. थंडीत एका घराची खरेदी साधारण तीन भागांत होते.

पहिला, रोजचं जेवण. बाजरी, बाजरीचं पीठ, हुलगे (कोकणात कुळीथ), मुगाची आणि मटकीची डाळ, खिचडीचा तांदूळ, शेंगदाणे. चटणीसाठी तीळ, कारळे, जवस. पाच माणसांच्या घरात एक वेळ भाकरी असेल तर दिवसाला पाऊण ते एक किलो पीठ लागतं. म्हणजे असं एक घर महिन्याला पंचवीस किलोच्या आसपास बाजरी नेऊ शकतं. अशी तुमची घरं किती, हे तुम्हाला माहीत पाहिजे.

दुसरा, लाडू. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, तूप, बदाम, गोडंबी, खसखस, मेथी, अळीव. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं असतं, पण एका मध्यम घराच्या यादीत साधारण असं दिसतं: खारीक अर्धा किलो, खोबरं अर्धा किलो, डिंक पाव किलो, गूळ एक किलो, तूप अर्धा किलो, बदाम पाव किलो आणि बाकी सगळं पन्नास-शंभर ग्रॅम. बाळंतीण असलेल्या घरात हेच प्रमाण दुप्पट होतं, आणि तिथे अळीव आणि मेथी जास्त लागते.

तिसरा, संक्रांत. पॉलिशचे तीळ, चिक्कीचा गूळ, साधा गूळ, शेंगदाणे, डाळं, वेलची, हलवा. हलव्याचे दागिने मात्र फक्त ऑर्डरवर आणायचे. ज्या घरात पहिली संक्रांत किंवा बोरन्हाण आहे तिथेच ते लागतात.

तीन भाग वेगळे लिहिले की एक गोष्ट लगेच कळते. पहिल्या भागाचा माल उरला तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये जातो. दुसऱ्याचा माल उरला तर वास धरतो. तिसऱ्याचा उरला तर पुढच्या संक्रांतीची वाट बघत बसतो. म्हणून तिन्ही भागांना एकाच हिशोबाने माल भरायचा नाही.

## कोणता माल कधी आणि किती

माझं दुकान तालुक्याच्या गावात आहे. माल बहुतेक पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार विभागातून येतो. मुंबईच्या बाजूचे लोक वाशीला जातात. तुमचा बाजार कुठलाही असो, विचार करायची पद्धत हीच.

बाजरी. खरिपाची नवी बाजरी दसऱ्याच्या आगेमागे बाजारात येते. दाणे नीट वाळलेले असतील तर भरायला हरकत नाही, कारण अख्खी बाजरी टिकते. दाणा दाताखाली धरून बघा. कट्कन तुटला तर वाळलाय, दबला तर ओल आहे, ते पोतं सोडा. पण पीठ दळून ठेवू नका. बाजरीत तेलाचा अंश सुमारे पाच टक्के असतो, त्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं. गिऱ्हाईक भाकरी कडू लागली की बाजरीला दोष देत नाही, दुकानाला देतं. पीठ विकायचं असेल तर गिरणीवाल्याशी बोलून आठवड्यातून दोनदा थोडं-थोडं दळून घ्या आणि पाकिटावर दळल्याची तारीख घाला. ही तारीख हीच तुमची जाहिरात.

गूळ. गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमारास जोरात सुरू होतात. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे नावाला मागणी आहे. नवा गूळ सतत येत राहतो, म्हणून सगळा एकदम भरायची घाई नको. तीन आठवड्यांचा घ्या. गूळ हवेतली ओल ओढतो. नोव्हेंबर-डिसेंबरात एखादा अवकाळी पाऊस झाला की उघडी ढेप पाझरायला लागते. चिक्कीचा गूळ वेगळा असतो आणि संक्रांतीपुरताच जातो. तो डिसेंबरच्या शेवटी आणा.

तीळ. टिकतात, पण खवट होऊ शकतात. चिमूटभर चावून बघितल्याशिवाय पोतं घेऊ नका. पॉलिशचे तीळ लाडवाला आणि हलव्याला, बिनपॉलिशचे चटणीला आणि भाकरीला. दोन्ही ठेवा, पण संक्रांतीआधी पॉलिशचे जास्त.

खोबरं. सुक्या खोबऱ्याची मोठी बाजारपेठ कर्नाटकात तुमकुरू जिल्ह्यात तिपटूरला आहे. तिथला भाव हलला की आपल्याकडचा हलतो. वाटी आतून पांढरी पाहिजे. हिरवट-काळे ठिपके दिसले की बुरशी समजा. हा माल बंद प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवायचा नाही. दोन आठवड्यांत जाईल एवढाच घ्या.

खारीक. हा माल आपल्याकडे मुख्यतः बाहेरून येतो आणि वर्षानुवर्षं त्यातला मोठा वाटा पाकिस्तानातून यायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या मालावर २०० टक्के आयातशुल्क लागलं आणि मे २०२५ मध्ये आयातच बंद झाली. अशा मालाचा भाव तुमच्या-माझ्या अंदाजात बसत नाही. कोणी कितीही ठासून सांगितलं की "अजून वाढणार", तरी खारकेवर सट्टा खेळायचा नाही. आठवड्याला लागेल तेवढी आणायची आणि आजच्या खरेदीवर आजचा भाव लावायचा.

डिंक. बाभळीचा आणि धावड्याचा दोन्ही मिळतो. नमुना मागा, चार खडे गरम तुपात टाका. पूर्ण फुलला आणि बोटाने चुरला तर चांगला. आत कडक गाठ राहिली तर गिऱ्हाइकाच्या दाताखाली ती येणार आणि दुसऱ्या दिवशी पिशवी परत येणार. डिंक कोरडा राहिला तर टिकतो, म्हणून एकदाच घेतला तरी चालतो.

तूरडाळ. इथे बरेच नवे लोक फसतात. नोव्हेंबरात बाजारात जुन्या तुरीची डाळ असते. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून लातूर, अकोला अशा बाजारांत यायला लागते. दोन महिन्यांची डाळ नोव्हेंबरात भरली आणि नवी तूर चांगली आली, तर तुमच्याकडे महाग डाळ आणि शेजाऱ्याकडे स्वस्त डाळ. पंधरा दिवसांच्या वर नको.

तांदूळ. मावळातला नवा इंद्रायणी भात कापणीनंतर येतो. नवा तांदूळ चिकट होतो, मऊ भाताला आणि खिचडीला लोक आवडीने नेतात. पण ज्यांना मोकळा भात हवा ते जुनाच मागतात. दोन्ही थोडे-थोडे ठेवा आणि पोत्यावर "नवा", "जुना" लिहा.

## पडतळ काढल्याशिवाय भाव लावू नका

पडतळ म्हणजे माल तुमच्या दुकानात येऊन विकायला तयार होईपर्यंत खरोखर कितीला पडला तो भाव. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमच्या बिलावरचे घाला.

समजा ५० किलो बाजरी ३० रुपयांनी घेतली. १,५०० रुपये झाले. हमाली आणि टेम्पोचं भाडं मिळून ६० रुपये. एकूण १,५६०. घरी चाळली, खडे-कचरा आणि तूट मिळून एक किलो गेला. विकायला उरली ४९ किलो. १,५६० भागिले ४९ म्हणजे ३१ रुपये ८४ पैसे. तुमची बाजरी ३० ची नाही, जवळजवळ ३२ ची आहे. ३४ ला विकली तर तुमच्या डोक्यात नफा ४ रुपये, हातात मात्र सव्वादोनच्याही आत. पोत्याचं वजन घेताना बारदानाचं वजन वजा केलंय का, हेही तिथेच विचारा. लाजायचं काही कारण नाही.

आता मुख्य हिशोब. दोन दुकानं समजू, दोन्ही तीळ विकतात, दोघांचीही विक्री रथसप्तमीपर्यंत ३८ किलो, भाव १७५ रुपये.

पहिल्याने ५० किलोचं पोतं एकदम घेतलं म्हणून त्याला किलोमागे ४ रुपये सूट मिळाली. १४६ रुपयांनी ७,३०० रुपये गेले. ३८ किलोचे ६,६५० आले. रथसप्तमीला त्याच्या गल्ल्यात घातलेल्या पैशापेक्षा ६५० रुपये कमी आहेत आणि कोपऱ्यात १२ किलो तीळ आहेत.

दुसऱ्याने सूट सोडली. १५० रुपयांनी तीन खेपांत ४० किलो घेतले. ६,००० रुपये गेले. ६,६५० आले. गल्ल्यात ६५० रुपये जास्त आणि उरले फक्त २ किलो, ते चटणीला आठ दिवसांत जातील.

किलोमागचा नफा बघितला तर पहिला २९ कमावतो, दुसरा २५. कागदावर पहिला हुशार. पण फेब्रुवारीत मिरची-मसाल्याचा माल भरायला पैसे कोणाकडे आहेत? पहिल्याचे उरलेले तीळ वर्षभरात जातीलही, पण तोवर त्याला उसने घ्यावे लागले तर त्याचं व्याज त्या चार रुपयांपेक्षा जास्त होईल. आणि हे एकाच मालाचं झालं. खोबरं, खारीक, चिक्कीचा गूळ, सगळ्यांत असंच केलं तर पूर्ण भांडवल फळीवर जाऊन बसतं.

मग घाऊक कधीच घ्यायचं नाही का? घ्यायचं. तीन प्रश्न विचारा: माल सीझननंतरही जातो का? चार महिने टिकतो का? भाव उतरायची शक्यता कमी आहे का? तिन्हींना "हो" आलं तरच पोतं. एकालाही "नाही" आलं तर खेप.

## साठ हजारांची विभागणी

हातात ६०,००० रुपये आहेत असं धरू.

- पहिली खेप, दिवाळी संपताच: २४,००० रुपये. अख्खी बाजरी, हुलगे, डिंक, पहिल्या लाडवांपुरतं खोबरं-खारीक, तीन आठवड्यांचा गूळ.
- दुसरी खेप, डिसेंबरच्या सुरुवातीपासून गरजेप्रमाणे: २१,००० रुपये. चंपाषष्ठीची बाजरी, लाडवाचं सामान पुन्हा थोडं, आणि महिन्याच्या शेवटी तीळ, शेंगदाणे, चिक्कीचा गूळ.
- हातात राखून: १५,००० रुपये. यांना हात लावायचा नाही. एखादा माल अचानक संपला, भाव एकदम पडला, किंवा घरात काही अडचण आली, तर हेच कामाला येतात.

पहिल्या खेपेचे पैसे विक्रीतून आले की तेच पुढच्या खेपेत घालायचे. साठ हजारांनी सीझनमध्ये दोन-तीन फेऱ्या मारल्या पाहिजेत. एकदाच फिरला तर तो धंदा नाही, गोदाम आहे.

## अंदाज नको, यादी घ्या

छोट्या दुकानदाराकडे मोठ्या मॉलकडे नाही अशी एक गोष्ट असते: त्याला घरं माहीत असतात. कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कोणाचा मुलगा पुण्याला होस्टेलला आहे आणि आई डबा भरून लाडू पाठवते, कोणाच्या आजोबांना बाजरीशिवाय जेवण जात नाही. याचा उपयोग करा.

दिवाळीच्या सामानाचं बिल करतानाच विचारा, "काकू, यंदा लाडवाचं सामान किती लागेल? यादी देऊन ठेवा, चांगला डिंक बाजूला काढून ठेवतो." यादी घ्या, निम्मे पैसे आधी घ्या, तारीख द्या. समजा ३० घरांनी यादी दिली. वरच्या प्रमाणाने १५ किलो खोबरं, १५ किलो खारीक, साडेसात किलो डिंक, ३० किलो गूळ आणि १५ किलो तूप हे आधीच विकलं गेलं. अचानक येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी यावर पाव हिस्सा जास्त धरा. बाजारात जाताना तुमच्या खिशात गिऱ्हाइकाचे पैसे आहेत. होलसेलवाल्याशी बोलायचा तुमचा आवाज आपोआप बदलतो.

मग या सामानाचा एक संच करा. सगळं मोजून वेगवेगळ्या पुड्यांत, वर यादी. नोकरी करणाऱ्या ताईंना दहा वस्तू दहा ठिकाणी शोधायला वेळ नसतो, त्या संचाला चार पैसे जास्त देतात. खारीक फोडून, खोबरं किसून दिलं तर अजून जास्त. पण किसलेलं खोबरं आणि खारकेची पूड आदल्या दिवशीच करायची, साठवायची नाही.

उधारीचं स्पष्ट सांगतो. रोजच्या किराण्याची उधारी गावात टाळता येत नाही. पण लाडवाचा संच आणि संक्रांतीचा माल उधारीवर द्यायचा नाही. हे दोन्ही सणाचे खर्च आहेत, घराने त्याची तयारी केलेली असते. "काका, रोजचं वहीत मांडतो, हे मात्र रोख," असं हसून पण ठामपणे सांगा. जुनं गिऱ्हाईक रागावत नाही.

## माल सांभाळणं

पोती जमिनीवर ठेवायची नाहीत, खाली लाकडी फळ्या पाहिजेत. भिंतीपासून हातभर अंतर, म्हणजे ओल लागत नाही आणि उंदराची ये-जा दिसते. आधी आलेलं पोतं आधी फोडायचं, म्हणून प्रत्येक पोत्यावर खडूने तारीख. तीळ, खोबरं आणि चहापत्ती शेजारचा वास पटकन ओढतात. त्यांच्या जवळ साबण, अगरबत्ती, कापूर, हिंग नको.

आणि एक गोष्ट कळकळीने. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या विषारी वायूच्या गोळ्या मिळतात, त्या दुकानात वापरू नका. त्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघतो आणि बंद जागेत तो माणसाचा जीव घेतो. आपली बहुतेक दुकानं घराला लागून, नाहीतर घराखाली असतात. वर मुलं झोपलेली असतात. कीड दिसली तर पोतं उन्हात घाला, चाळा, गरज पडली तर तोट्यात विका. आणि मुळात कमी भरलं तर गोळ्यांची वेळच येत नाही.

## कागदपत्रं थोडक्यात

- खाण्याच्या वस्तू विकता म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना पाहिजेच, घरून लाडू विकत असाल तरी. अर्ज ऑनलाइन होतो.
- इलेक्ट्रॉनिक वजनकाट्याची वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून घ्या.
- स्वतः पाकिटं भरून ठेवून विकत असाल तर पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे छापलेलं पाहिजे.
- सुटं धान्य आणि सुटा गूळ यांवर जीएसटी नाही. आधी पॅक करून लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पाकिटावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे. तूप, बदाम, खारीक यांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय. खरेदीच्या बिलावर नवा दर लागलाय का ते बघा.
- फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. तुमचं काही वेगळं असेल तर कर सल्लागाराला एकदा विचारा.

## थांबायच्या तारखा आधीच लिहा

सीझन सुरू करायला सगळे तयार असतात. थांबायचं कधी हे कोणी ठरवत नाही. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात दुकानात गर्दी असते, अंगात उत्साह असतो आणि फोनवरून अजून एक पोतं मागवलं जातं. तेच पोतं पुढे दिवाळीपर्यंत दिसत राहतं. म्हणून डोकं थंड असताना, आत्ताच, शेवटच्या ऑर्डरची तारीख लिहून काउंटरच्या आत चिकटवा.

- डिंक, गोडंबी, अळीव: डिसेंबरचा पहिला आठवडा
- खारीक, खोबरं (मोठी खेप): डिसेंबरचा तिसरा आठवडा
- चिक्कीचा गूळ: संक्रांतीच्या पाच दिवस आधी
- तीळ आणि हलवा: संक्रांतीनंतरचा पहिला आठवडा, तोही उरलेला माल मोजून. यंदा हळदीकुंकू लांबलंय म्हणून ही एक जास्तीची खेप
- बाजरी: जानेवारी अखेर, नंतर फक्त रोजच्या गिऱ्हाइकांपुरती

## या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या दहा पक्क्या घरांची नावं लिहा. प्रत्येकाला विचारून लाडवाची आणि बाजरीची यादी घ्या.
२. गेल्या हिवाळ्याची वही काढा. कोणता माल फेब्रुवारीनंतरही उरला होता, ते लाल पेनाने लिहा. नवीन असाल तर ओळखीच्या दुकानदाराला विचारा, लोक सांगतात.
३. तीन मालांची पडतळ काढा: बाजरी, तीळ, खोबरं.
४. तुमच्या भांडवलाचे तीन भाग करा आणि राखीव भाग वेगळ्या खात्यात ठेवा. गल्ल्यात ठेवलात तर तो राहणार नाही.

एवढं झाल्यावरच होलसेलवाल्याला फोन लावा. तो भाव सांगेल, सूट सांगेल, "उद्या नाही मिळणार" असंही सांगेल. त्याचं कामच ते आहे. तुम्ही वहीत बघून सांगा, "मला पंधरा किलोच पाहिजे."

पुढच्या व्हिडिओत फेब्रुवारी-मार्चच्या मिरची आणि मसाल्याच्या सीझनची तयारी बघू. तोपर्यंत हिवाळ्याचा पैसा मोकळा झालेला असला पाहिजे.

भेटू लवकरच. धंदा करा, पण वही लिहून करा!